तिसऱ्या नकोपर्यंत

३ ऑगस्ट २०२५, रविवार

ही वही गार्गीने आणून दिली. म्हणाली, "आई, मनात येईल ते यात लिहा. बरं वाटतं." सुनेने सासूच्या हातात वही द्यायची म्हणजे अर्थ सरळ आहे, की बाई, आता तोंडाला जरा विश्रांती द्या. ठीक आहे. लिहिते. पण उद्या कुणी चोरून वाचलं आणि मनाला लागलं, तर माझ्याकडे रडत यायचं नाही.

माझा मुलगा अनय अडतीस वर्षांचा आहे आणि त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. दारू नाही, सिगारेट नाही. ज्यांचं दिवसभर तेच चालतं ते आमच्या बिल्डिंगखाली पानाच्या गादीवर मजेत उभे असतात, आणि माझं पोर आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत पडून. कुणावर ओरडू? देवावर ओरडून झालं. तो मेला ऐकत नाही.

डॉक्टर छेडा म्हणतात, किडनी बदलली तर हा पुन्हा पहिल्यासारखा उभा राहील. घरातलीच मिळाली तर सगळ्यात उत्तम. गार्गी बिचारी एका पायावर तयार होती, पण तिचा रक्तगट जुळत नाही. जुळतो तो माझा आणि माझ्या मुलीचा, क्षमाचा. मला साखर आहे, तेव्हा माझा प्रश्नच मिटला. राहिली क्षमा. सख्खी बहीण, चौतिशीची, धडधाकट, इथे हाकेच्या अंतरावर भांडुपला राहते. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला?

आज तिला फोन केला. तर म्हणते, "आई, मला जरा विचार करू दे."

विचार! भावाचा जीव टांगणीला लागलाय आणि ही विचार करणार. साडी निवडायची आहे का दुकानातून?

मग मीच स्वतःची समजूत घातली. क्षमाचं लहानपणापासून हे असंच. आढेवेढे घ्यायची सवय. मनात असतं, पण पहिल्या फटक्यात हो म्हणेल तर शपथ. आमच्या घरात ते कुणी मनावर घेत नाही. माझ्या सासूबाई वाढायला उभ्या राहिल्या की म्हणायच्या, पहिलं नको लाजेचं, दुसरं रीतीचं, तिसरं पोटाचं. तिसऱ्या नकोपर्यंत हात मागे घ्यायचा नाही. अख्ख्या मुलुंड पूर्वेत विचारा, माझ्या म्हणजे वनमालाबाईंच्या पंगतीतून कुणी अर्धपोटी उठलाय का.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. क्षमा, विशाल आणि छोटी रेवती आले होते. श्रीखंड घरी केलं, चक्का रात्रभर टांगून. अनयला दोनच चमचे चालतात म्हणे. गार्गी वाटी धरून पहारेकऱ्यासारखी उभी. दोन चमच्यांनी काय होतंय, मी तिची पाठ वळल्यावर तिसरा घातला. "आई, नको," म्हणाला. खाल्ला पण.

क्षमाने ओवाळलं. अनयने पाकीट पुढे केलं तेव्हा मी हसत हसतच म्हटलं, "यंदा भावाने नाही हो ओवाळणी घालायची, बहिणीने घालायची आहे." विशाल हसला. बाकी कुणी हसलं नाही. क्षमा ताम्हणातली वात सारखी करत बसली. म्हणाली, "आई, आज नको ना हा विषय."

हे झालं पहिलं.

अनय खाली मान घालून ताटाकडे बघत होता. काय बोलणार? स्वतःच्या तोंडाने बहिणीकडे कसं मागणार? म्हणूनच आई असते ना. जाताना विशाल दारात चपला घालता घालता म्हणाला, "आई, तुम्ही टेन्शन घेऊ नका. करेल ती. तिचं असंच असतं." माझा जावई शहाणा आहे. जरा तोंडाने फटकळ आहे, पण बायकोला बरोबर ओळखतो.

त्याचं स्थळ आलं तेव्हाही हिचं नको नको चाललं होतं. रडून डोळे सुजवले होते. शेवटी केलंच ना लग्न? झाला ना संसार? आता इथे आली की आपल्याच तंद्रीत असते, फार बोलत नाही, पण बायका संसारात मुरल्या की कमीच बोलतात. मी सोडून.

१२ ऑगस्ट, मंगळवार

फोनवर सरळ सांगितलं तिने. "आई, मला नाही करायचं."

तळपायाची आग मस्तकात गेली. फोन गादीवर फेकला, तो उडून खाली पडला, काच तडकली. आता हे आणखी.

गार्गी भाजी निवडत होती. म्हणाली, "आई, ती खरंच नाही म्हणत असेल."

"तू गप्प बस," मी म्हटलं. "मी जन्म दिलाय तिला. तिचं खरं कुठलं आणि वरवरचं कुठलं ते मला कळत नाही आणि तुला कळतं होय?"

ती मेथीच्या काड्या अशा तटातटा मोडत होती, की जणू माझीच बोटं.

१८ ऑगस्ट, सोमवार

फत्ते!

आज सरळ रिक्षा केली आणि भांडुपला गेले. अशी कामं फोनवर होत नसतात. क्षमा रेवतीच्या डब्यात पराठे भरत होती. मला दारात बघून तिचा चेहरा उतरला, पण मी लक्ष दिलं नाही. रेवतीची शाळेची बस गेली आणि मी स्वयंपाकघरात स्टुलावर ठाण मांडलं.

"चहा टाकते," ती म्हणाली.

"तुझ्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाही मी. आधी हो म्हण."

"आई, असं नको करूस ना."

"तुझा दादा आहे तो. तुला सायकल शिकवताना गुडघे कुणाचे फुटले होते?"

"मला माहितेय. दर गुरुवारी मीच बसते ना त्याच्याजवळ डायलिसिसला. आम्ही बोलतो." ओट्याला पाठ लावून उभी होती. "आई, मला भीती वाटते. ऑपरेशनची वाटते, नंतरची वाटते. रेवती सहा वर्षांची आहे. आणि भीती वाटली नसती ना, तरी मला नाही द्यायची. मला नको आहे हे. नको."

तिसरं झालं. सासूबाई असत्या तर पातेलं घेऊन आत गेल्या असत्या. पण ते जेवणाचं झालं. इथे पोळीचा प्रश्न नाही, पोराच्या जिवाचा आहे. मी तिथेच बसून राहिले. डोळ्याला पदर लावला. खोटा नाही, खरंच रडू येत होतं. म्हटलं, "तुझे बाबा गेले. आता हा गेला की मला कशाला जगायचंय? मग तू एकटीच राहा, काही न देता."

ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "ठीक आहे. करते तपासण्या."

बघा! उगाच एवढे आढेवेढे. आधीच म्हणाली असती तर माझी काच तरी वाचली असती. मग चहा घेतला, दोन चमचे साखर घालून. साखर आहे मला, पण रोज कुठे असा दिवस येतो? तिचा चहा ओट्यावर तसाच गार झाला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

हॉस्पिटल. तिथे सपना म्हणून एक मुलगी आहे, नाहूरला राहते. किडनी देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या तपासण्यांचं, समित्यांचं सगळं तीच बघते. गोड बोलते, पण हाडाची कडक. क्षमाला आत घेतलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं!

"मी आई आहे तिची," मी म्हटलं.

"म्हणूनच मावशी," सपना म्हणाली. "किडनी देणाऱ्याशी डॉक्टर एकटेच बोलतात. आई नाही, नवरा नाही, कुणी नाही. इथली पद्धत आहे."

मेली कसली पद्धत! माझी मुलगी, माझा मुलगा, आणि मी बाहेर बाकावर. बराच वेळ लागला. क्षमा बाहेर आली ती थेट पाण्याच्या कूलरकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून पाणी पीत राहिली.

मला राहवलं नाही. मी सरळ डॉक्टर छेडांच्या खोलीत घुसले. म्हटलं, "डॉक्टर, ती आत काही बोलली असेल तर मनावर घेऊ नका हं. आढेवेढे घेते ती जरा."

छेडा कच्छी आहेत. मराठी बोलतात चांगलं, पण अडखळत. "आढेवेढे म्हणजे नक्की काय, वनमालाबेन? नेहमी ऐकतो हा शब्द."

"म्हणजे मनात असतं, पण तोंडाने नको नको म्हणायचं. लोकांनी आग्रह करावा म्हणून."

"अच्छा. आणि मनातच नसेल, आणि नको म्हटलं, तर त्याला काय म्हणतात?"

आता हा काय प्रश्न झाला? "त्याला नको म्हणतात," मी म्हटलं.

"दोन्हीकडे तोंडातून तर 'नको'च येतं ना? मग समोरच्याला समजतं कसं?"

"आमच्यात समजतं," मी म्हटलं आणि बाहेर आले. उगाच फाटे फोडायचे. मोठे डॉक्टर असतील, पण कधी कुणाला आग्रहाने वाढलेलं दिसत नाही.

निघताना सपना म्हणते, "मावशी, तुमचा पण रक्तगट जुळतोय ना? तुमच्या तपासण्या नाही झाल्या."

"मला साखर आहे."

"किती आहे?"

"आमचे जुने डॉक्टर म्हणाले होते काठावर आहे."

"कधी म्हणाले होते?"

कधी म्हणजे काय? हे होते तेव्हा. मी तसं सांगितलं.

"एकदा रक्त तपासून तर बघू. काठावर म्हणजे लगेच बाद असं काही नसतं."

"आता गणपती आलेत," मी म्हटलं. "घरात माणसं, सोवळं-ओवळं. नंतर बघू." ही मुलगी फार चोंबडी आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

वाट लागली. सपनाचा फोन आला. क्षमा बाद. "दाता म्हणून त्या योग्य नाहीत."

का? काय झालंय तिला? "मावशी, देणाऱ्याचं कारण आम्ही कुणालाच सांगत नाही." अगं पण मी आई! "आईलाही नाही."

मग फोनवरच मी तिची अशी काही खरडपट्टी काढली की गार्गी आतून धावत आली. काय समजतात काय हे लोक स्वतःला? एवढी धडधाकट मुलगी, बाळंतपणातसुद्धा कधी कण्हली नाही, आणि ही म्हणे योग्य नाही! नाचता येईना अंगण वाकडं. यांनाच ऑपरेशन जमत नसेल.

घाटकोपरला दुसरं हॉस्पिटल आहे. तिकडे नेते तिला. गौरी जेवल्या की लगेच.

बिचारी क्षमा. एवढ्या मुश्किलीने तयार झाली होती. तिला केवढं वाईट वाटत असेल.

१ सप्टेंबर, सोमवार

आज माझ्या घरातून भरलं ताट सोडून माणूस उठला. गौरीच्या दिवशी. माझा मुलगा.

सगळं छान चाललं होतं. पुरण मऊ, पोळ्या टम्म. क्षमा सकाळीच आली, निमूट पोळ्या लाटत होती. मी हळदीकुंकवाला आलेल्या चार बायकांना सांगितलं, "माझी लेक तयार होती हो भावाला किडनी द्यायला, हॉस्पिटलनेच घोळ घातला." त्या क्षमाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. क्षमाचं लाटणं थांबलं, पुन्हा सुरू झालं.

पानं घेतली. मी तूप वाढता वाढता म्हटलं, "क्षमा, पुढच्या सोमवारी तुला घाटकोपरला नेते. तिथले लोक बरोबर तपासतील."

ती म्हणाली, "आई, नको. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्हाला द्यायची आहे का. त्यांनी मला एकदाच विचारलं."

"एकदाच विचारणार. त्यांना काय एवढंच काम आहे?" मी म्हटलं आणि तिच्या पानात आणखी एक पोळी घातली.

तेव्हा अनय बोलला. कधी आवाज न चढवणारं पोर. "आई, पुरे. मला तिची किडनी नको आहे."

"आता तू आढेवेढे घेऊ नकोस," मी म्हटलं.

त्याने पानातून हात काढला, उठला, हात धुतला आणि खोलीत गेला. पोळी अर्धी. क्षमा पण उठली. विशालने मात्र जेवण पूर्ण केलं.

गौरींकडे बघायची मला लाज वाटली. आणि रागही आला. मी कुणासाठी करते आहे हे सगळं?

३ सप्टेंबर, बुधवार

आज ओट्याशी दूध तापवताना लक्षात आलं. "एकदाच विचारलं."

म्हणजे तिने नाही सांगितलं. आजारबिजार काही नाही. तिने त्या बंद दाराआड नाही सांगितलं, आणि त्या लोकांनी ती "योग्य नाही" म्हणून पांघरूण घातलं. आणि मी मूर्ख चार बायकांत तिचे पोवाडे गातेय! अनयलाही ठाऊक होतं. गुरुवारी गुरुवारी काय बोलत होते दोघं ते कळलं आता. गार्गीलाही ठाऊक. अख्ख्या घरात गाढव एकटी मी.

दूध उतू गेलं. जाऊ दे गेलं तर.

सपनाला फोन लावला. वाट्टेल ते बोलले. माझ्या पोराला तुम्ही मारताय, बहिणीला फूस लावताय, असं म्हटलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मावशी, कोण काय म्हणालं ते मी सांगणार नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. तुम्ही केव्हा येताय तेवढं सांगा."

फोन ठेवून दिला.

क्षमाला मी आता फोन करणार नाही. तिने केला तर उचलणार नाही. राहा म्हणावं खुशाल, दोन किडन्या घेऊन.

५ सप्टेंबर, शुक्रवार

अनय माझ्याशी धड बोलत नाही. हो, नाही, ठीक. गार्गी ऑफिसला गेली होती. मी दुपारी त्याच्यासाठी शिकरण केलं. लहानपणी हाच एक पदार्थ रुसवा काढायचा.

"नको आई," म्हणाला.

"बघ तरी. वेलची घातलीय."

"आई, मला केळं चालत नाही. माहितेय ना तुला."

"वाटीभराने काय होतंय? डॉक्टर सगळ्यालाच नको म्हणतात."

"नको ना गं, आई." पण मग माझ्याकडे बघितलं त्याने. मी वाटी धरून तशीच उभी होते. त्याने वाटी घेतली. चाटूनपुसून खाल्ली. मी मग आणखी अर्धी वाढली, तीही खाल्ली. मला म्हणाला, "छान झालंय."

चार दिवसांनी जिवाला बरं वाटलं.

७ सप्टेंबर, रविवार

काल सकाळी अनयच्या हातातून कप सुटला. म्हणाला, पायात ताकद नाही, छातीत कसंतरी धडधडतंय. ओठ पांढरे. गार्गीने रिक्षा थांबवली, मी मागे बसून त्याचं डोकं धरलं. विसर्जनाच्या बंदोबस्ताने रस्ते बंद, ढोलताशे, आणि मी रिक्षातून लोकांना शिव्या देत होते. बाप्पाच्या मिरवणुकीला शिव्या दिल्या मी.

तातडीने डायलिसिस केलं. वाचला. डॉक्टर छेडा बाहेर आले. म्हणाले, रक्तात पोटॅशियम एकदम वाढलं, हृदय बंद पडलं असतं. मग आत जाऊन त्याला विचारलं, "काय खाल्लं होतं?"

अनय म्हणाला, "केळी खाल्ली, डॉक्टर. माझीच चूक. इच्छा झाली."

मी पडद्याशी उभी होते. ऐकलं. गार्गीनेही ऐकलं. तिने माझ्याकडे वळून बघितलं आणि एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. चार गोष्टी सुनवायला हव्या होत्या तिने. कुणी मला ओरडत का नाही?

मला कुणी सांगितलं नव्हतं, असं इथे लिहिणार होते. सांगितलं होतं. गार्गीने दहादा सांगितलं होतं. त्याने स्वतः तीनदा सांगितलं. सगळ्या जगावर रागावून झालं, आता राग माझ्याच अंगावर आलाय आणि त्याला हाकलायला घरात दुसरं कुणी नाही.

क्षमा आली होती. माझ्याशी बोलली नाही, मीही नाही. भावाच्या पायाला तेल चोळत बसली होती.

१० सप्टेंबर, बुधवार

गार्गीने चहा देताना विचारलं, "आई, तुमच्या तपासणीची वेळ घेऊ का?"

आता पितृपक्ष सुरू झालाय. असल्या गोष्टींना हात घालायचे हे दिवस नव्हेत. यांचं श्राद्ध करायचंय. मग लगेच घट बसतील. नऊ दिवस माझे उपास, आणि उपाशीपोटी साखर भलतीच दाखवते. मग दसरा. दिवाळी झाली की निवांतपणे बघू. शिवाय माझं वय एकसष्ट. या वयात कोण घेतं?

गार्गी म्हणाली, "बरं."

नुसतं बरं! म्हणून कप उचलून आत गेली. आणखी काही बोलेल म्हणून मी पेपर धरून बसले होते.

अनयने मला कधी विचारलं नाही. जानेवारीत डायलिसिस सुरू झालं, तेव्हापासून एकदाही नाही. विचारलं असतं तर मी काय...

१६ सप्टेंबर, मंगळवार

भाजी आणायला जाते सांगून हॉस्पिटलला गेले. एकटी. पितृपक्षातच.

सपना मला बघून हसली नाही की टोमणा मारला नाही. मला तीच खोली दिली आणि तेच दार लावलं. आत डॉक्टर छेडा, एक टेबल, दोन खुर्च्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "वनमालाबेन, तुम्हाला मुलाला किडनी द्यायची आहे का?"

मी म्हटलं, "आता बघा डॉक्टर, माझं वय झालं, साखर आहे, मला कुठे जमणार? नको. उगाच तुमचा खटाटोप."

"ठीक आहे," ते म्हणाले.

मी थांबले. ते पण थांबले. बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. ते पुन्हा विचारतील असं मला वाटत होतं. म्हणतील, अहो असं काय करता, आई आहात तुम्ही, वय कुठलं झालंय. काहीच नाही. माणूस शांतपणे माझ्याकडे बघत बसला होता.

माझं डोकंच फिरलं. "ठीक आहे म्हणजे? एवढ्यात ठीक आहे? अहो, जरा आग्रह तरी करायचा की नाही माणसाने!"

"नाही, वनमालाबेन," ते म्हणाले. "या खोलीत आग्रह नसतो."

असा राग आला मला, असा राग आला, आणि त्याचं एकदम रडू झालं. मी इतकी रडले की सपना पाणी घेऊन आत आली. मग तोंडातून निघालं ते मी कधी यांच्या फोटोसमोरही बोलले नव्हते. म्हटलं, "मला भीती वाटते हो. माझे हे टेबलावरच गेले. बायपास होती. हसत आत गेले होते. मला त्या दाराच्या आत नाही जायचं."

त्यांनी नाही म्हटलं नाही, बरं म्हटलं नाही. फक्त पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. पाणी प्यायले. क्षमा त्या कूलरपाशी पाठ करून उभी होती ते आठवलं. ही पण याच खुर्चीत बसली असेल.

मी ब्लाउजची बाही वर केली. म्हटलं, "रक्त काढून घ्या. हे हो नाही अजून. आधी साखर किती ते बघा. मग विचारा. पण नीट विचारा."

"एकदाच विचारणार," ते म्हणाले.

"माहितेय," मी म्हटलं.

रक्त दिलं. कापूस दाबून बाहेर बाकावर बसले. मग त्या तडकलेल्या फोनवरून क्षमाला फोन लावला. मला वाटलं होतं उचलणार नाही. उचलला.

"मी हॉस्पिटलमध्ये आहे. रक्त दिलं तपासायला. माझं."

ती म्हणाली, "आई, तुला करायचंय का?"

"माहीत नाही गं."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी येऊ का तिथे?"

नको गं, कशाला उगाच धावपळ, रेवतीची शाळा सुटेल, मी जाईन की रिक्षाने. सगळं अगदी ओठांवर आलं होतं.

"ये," मी म्हटलं.

ती येईपर्यंत तिथेच बाकावर बसून राहिले. भाजी राहिलीच आणायची.